वाळूच्या टेकड्यांचा कैवारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागात पाच विस्तीर्ण सरोवरे आहेत. त्यांपैकी मिशिगन सरोवराची लांबी सुमारे ५०० किलोमीटर आहे. त्याच्या तीरावर उभे राहिले असता पैलतीर दृष्टीस पडत नाही. लाटा उसळत असतात, वारा घोंघावत असतो आणि आपण समुद्रकाठीच आलो आहोत असे वाटते. पाण्याची ओंजळ तोंडाला लावावी तेव्हा कळते की, हे पाणी गोडे आहे.

या सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियाना राज्यात, वाळूच्या टेकड्यांची एक लांबच लांब रांग आहे. काही टेकड्या बुटक्या, तर काही दीडदोनशे फूट उंच. काही उघड्याबोडक्या, तर काही दाट झाडीने झाकलेल्या. जवळच शिकागो हे मोठे शहर वसलेले आहे. गेल्या शतकाच्या प्रारंभी शिकागोतील व्यापारी व कारखानदार या टेकड्यांकडे पाहत, तेव्हा त्यांना तेथे पडीक जमीन आणि फुकटची वाळू दिसे. शेतकऱ्याला तेथे पीक घेता येत नसे, म्हणून त्यालाही ती जागा निरुपयोगी वाटे. परंतु एका तरुण अभ्यासकाने या टेकड्यांवर पायी हिंडून तेथे दडलेला हजारो वर्षांचा इतिहास वाचून काढला. इतकेच नव्हे, तर आपण जे वाचले ते नष्ट होऊ नये म्हणून तो लोकांमध्ये उतरला. त्या अभ्यासकाचे नाव हेन्री चँडलर कोल्स. सजीवांचा त्यांच्या परिसराशी कसा संबंध असतो हे सांगणाऱ्या शास्त्राला परिस्थितिविज्ञान म्हणतात. या शास्त्राचा पाया घालणाऱ्या मोजक्या विद्वानांत कोल्स यांची गणना होते.

हेन्री कोल्स यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी कनेक्टिकट राज्यातील केन्सिंग्टन या गावी झाला. शालेय शिक्षण संपल्यावर ते ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात गेले आणि १८९३ साली पदवीधर झाले. त्यानंतर नेब्रास्का राज्यातील एका लहानशा महाविद्यालयात त्यांनी वर्षभर अध्यापन केले. परंतु त्यांची ज्ञानाची भूक तेवढ्याने शमण्यासारखी नव्हती. १८९५ साली ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ तेव्हा अगदी नवे होते. तेथे अध्यापन सुरू होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. नव्या विचारांना तेथे मुक्तद्वार होते.

प्रथम कोल्स यांनी भूविज्ञानाचा अभ्यास हाती घेतला. चेंबरलिन आणि सॅलिसबरी हे त्या काळचे नामांकित भूवैज्ञानिक त्यांना गुरू म्हणून लाभले. डोंगर, दऱ्या, नद्या आणि किनारे स्थिर भासत असले, तरी त्यांचे स्वरूप अखंड पालटत असते, ही दृष्टी त्यांना या गुरूंपासून मिळाली. त्याच सुमारास जॉन मर्ल कूल्टर हे वनस्पतिशास्त्राचे थोर अध्यापक त्या विद्यापीठात आले. त्यांच्या सहवासात कोल्स यांचे मन वनस्पतींकडे वळले. जमीन जर बदलत असेल, तर तिच्यावर उगवणारी झाडेझुडपेही काही विशिष्ट क्रमाने बदलत असली पाहिजेत, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. भूविज्ञान आणि वनस्पतिशास्त्र या दोन विद्यांचा संगम त्यांच्या ठायी झाला होता. म्हणूनच हा प्रश्न त्यांना सुचला.

डेन्मार्क देशातील युजेन वार्मिंग या शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या समूहांविषयी एक मौलिक ग्रंथ लिहिला होता. तो १८९५ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो डॅनिश भाषेत असल्यामुळे अमेरिकेतील फारच थोड्यांना वाचता येत होता. कोल्स यांनी त्या ग्रंथासाठी डॅनिश भाषेचा अभ्यास केला. एक ग्रंथ मुळातून वाचता यावा म्हणून नवी भाषा शिकणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. ज्याला विद्येची खरी ओढ लागली आहे, त्यालाच असे श्रम गोड वाटतात. वार्मिंग यांनी डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील वाळूत वाढणाऱ्या वनस्पतींचा विचार केला होता. शिकागोजवळही तशाच वाळूच्या टेकड्या होत्या. आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळेल, असे कोल्स यांना वाटू लागले.

मग त्यांची भ्रमंती सुरू झाली. शिकागोहून आगगाडीने जावे, मध्येच एखाद्या लहानशा स्थानकावर उतरावे आणि पाठीवर सामान घेऊन दिवसभर टेकड्या तुडवाव्यात, असा त्यांचा क्रम असे. उन्हाळ्यात वाळू तापून पाय भाजत, तर हिवाळ्यात सरोवरावरून येणारा झोंबरा वारा वाळूचे कण तोंडावर मारी. कोल्स मात्र कधी एखाद्या रोपट्याची मुळे उकरून पाहत, कधी टिपणे करत, तर कधी छायाचित्रे घेत. एकाच ठिकाणी ते वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा जात आणि झालेला बदल नोंदवून ठेवत.

त्यांना काय आढळले, हे समजण्यासाठी आपणही सरोवराच्या काठापासून आत चालत गेलो आहोत, अशी कल्पना करू या.

अगदी पाण्यालगतची वाळू ओकीबोकी असते. उन्हाळ्यातील लाटा तिला सतत धूत असल्यामुळे तेथे एकही रोप तग धरू शकत नाही. थोडे वर गेले की, केवळ हिवाळी वादळांच्या लाटा पोहोचतात असा पट्टा लागतो. तेथे एकाच हंगामात आयुष्य संपवणाऱ्या लहान वनस्पती दिसतात. त्या वसंतात उगवतात, उन्हाळ्यात फुलतात आणि शरद ऋतूत बी टाकून मरून जातात. हिवाळी लाटा येतात तेव्हा तेथे वाहून नेण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते. त्याहून वर, जेथे हिवाळी लाटाही पोहोचत नाहीत, तेथे अनेक वर्षे जगणाऱ्या वनस्पती मूळ धरतात. खरी टेकडी येथून पुढे सुरू होते.

या ठिकाणी मारम नावाचे एक चिवट गवत उगवते. त्याची खोडे जमिनीखाली आडवी पसरतात आणि वाळूला जाळ्यासारखी घट्ट धरून ठेवतात. कोकणच्या किनाऱ्यावर मर्यादवेल जे काम करते, तेच येथे हे गवत करते. वाऱ्याने उडत आलेली वाळू गवताच्या पात्यांपाशी अडते आणि तेथे साचू लागते. ढीग वाढला की गवत त्याखाली गाडले जाते. पण ते मरत नाही. ते पुन्हा वर डोके काढते आणि पुन्हा वाळू अडवते. अशा रीतीने इवल्याशा गवताच्या आश्रयाने मोठी टेकडी उभी राहते.

कॉटनवुड नावाचा वृक्षही असाच जिद्दी असतो. त्याचे खोड वाळूत गाडले गेले, तर गाडलेल्या भागाला नवी मुळे फुटतात आणि शेंडा वर वाढत राहतो. टेकडीच्या माथ्यावर एखादे झुडूप दिसावे आणि उकरून पाहावे, तर तो खाली गाडल्या गेलेल्या उंच वृक्षाचा केवळ शेंडा असावा, असा प्रकार तेथे पाहावयास मिळतो.

आणखी आत गेले की वाळू स्थिर झालेली असते. गवताची, पानांची आणि काटक्यांची कुजून माती बनू लागलेली असते. पांढरी वाळू काळपट दिसू लागते आणि तिच्यात ओलावा टिकू लागतो. तेथे पाइन वृक्ष येतात. त्यांच्या सावलीत गवताला पुरेसा प्रकाश मिळत नाही आणि ते मागे हटते. त्याहून आत ओक वृक्षांचे वन लागते. काही ओलसर व सुपीक जागी मॅपलसारख्या वृक्षांचे दाट अरण्यही आढळते. तेथे पायाखाली मऊ, काळी माती असते. आपण वाळूवर चालत आहोत याची तेथे कोणाला शंकाही येऊ नये.

या साऱ्या देखाव्याचा अर्थ कोल्स यांनी उलगडला. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचे प्रचंड थर वितळले, तेव्हा या सरोवराचे पाणी आजच्यापेक्षा बरेच आत पसरलेले होते. पुढे ते टप्प्याटप्प्याने मागे हटत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर जुना किनारा तसाच मागे राहिला. म्हणून काठाजवळची टेकडी सर्वांत तरुण, तर आतली टेकडी सर्वांत वृद्ध. याचाच अर्थ असा की, काठापासून आत चालत जाणारा मनुष्य केवळ काही मैल चालत नाही, तर हजारो वर्षे मागे जातो. आज जेथे ओकचे वन आहे, तेथे कधी काळी उघडी वाळू आणि मारम गवत होते. प्रत्येक वनस्पतिसमूह आपल्या वास्तव्याने जमीन बदलतो आणि पुढच्या समूहाला जागा तयार करून देतो. या बदलाला शास्त्रज्ञ वनस्पतींचे अनुक्रमण म्हणतात.

हा क्रम नेहमीच सुरळीत चालतो असे नाही, हेही कोल्स यांनी जाणले होते. वाऱ्याने एखाद्या ठिकाणी गवताचे आवरण फाडले की, स्थिर झालेली टेकडी पुन्हा चालू लागते. ती हळूहळू पुढे सरकत उभेच्या उभे वन गिळून टाकते. अनेक वर्षांनी ती आणखी पुढे गेली म्हणजे मागे वठलेल्या खोडांचे स्मशान उघडे पडते. निसर्ग एका ठरावीक मुक्कामाकडे सरळ रेषेत जात नाही; मार्गही बदलतो आणि मुक्कामही हलतो, असे त्यांचे मत होते. पुढे १९५८ साली जेरी ओल्सन या शास्त्रज्ञाने याच टेकड्यांचा पुन्हा अभ्यास केला. तेव्हा असे आढळले की, प्रत्येक टेकडी शेवटी मॅपलच्या अरण्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. कित्येक जुन्या टेकड्यांवर ओकचेच वन टिकून राहते. शास्त्र असेच एकाच्या खांद्यावर दुसऱ्याने उभे राहून पुढे जाते.

कोल्स यांना १८९८ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध १८९९ साली एका वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. त्यांचे लेखन वाचून युरोपातील विद्वानांचेही लक्ष इंडियानातील या टेकड्यांकडे वेधले गेले. ज्या जागेला शेजारचे लोक ओसाड म्हणत होते, तिचे नाव दूरदेशीच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले.

विद्यापीठाने कोल्स यांना आपल्या अध्यापकवर्गात घेतले आणि पुढे ते प्राध्यापक झाले. चार भिंतींच्या आत बसून वनस्पती समजत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा होती. ते विद्यार्थ्यांना घेऊन टेकड्यांवर जात, दलदलीत उतरत आणि उन्हाळ्याच्या सुटीत दूरदूरच्या प्रदेशांत सहली काढत. त्यांचा स्वभाव विनोदी होता. चालून चालून थकलेली मुले त्यांच्या गोष्टींनी पुन्हा ताजीतवानी होत. विद्यार्थ्यांनी पाठ केलेले उत्तर न देता स्वतः पाहावे आणि स्वतः विचार करावा, असा त्यांचा आग्रह असे. व्हिक्टर शेल्फर्ड आणि विल्यम कूपर यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले शास्त्रज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले.

परंतु ज्या भूमीवर हे सर्व शिक्षण चालले होते, त्या भूमीवरच आता संकट आले होते.

मिशिगन सिटी या गावाजवळ वाळूची एक प्रचंड टेकडी होती. तिला हूझर स्लाइड असे म्हणत. ती सुमारे २०० फूट उंच होती. दुरून लोक तिच्यावर चढायला आणि माथ्यावरून घसरत खाली यायला येत असत. परंतु तिची वाळू काच बनवण्यासाठी उत्तम होती. फळे टिकवून ठेवण्याच्या काचेच्या बरण्या त्या काळी घरोघरी लागत. त्यांसाठी या टेकडीची वाळू रेल्वेच्या वाघिणी भरभरून जाऊ लागली. वर्षामागून वर्षे खोदकाम चालले आणि १९२० च्या सुमारास ती टेकडी पूर्णपणे नाहीशी झाली. पुढे त्या जागी वीजनिर्मितीचे केंद्र उभे राहिले.

दुसरीकडे १९०६ साली सरोवराच्या काठी पोलादाचा एक अवाढव्य कारखाना उभारण्यास प्रारंभ झाला आणि त्याच्यासाठी गॅरी नावाचे नवे शहर वसवण्यात आले. त्यासाठी टेकड्या सपाट करण्यात आल्या आणि पाणथळ जागा बुजवण्यात आल्या. पोलाद देशाला हवे होते आणि हजारो लोकांना त्या कारखान्यात काम मिळाले, ही गोष्ट खरी. परंतु हे असेच चालू राहिले, तर काही वर्षांत सगळा किनारा कारखान्यांखाली जाणार हेही तितकेच खरे होते.

कोल्स यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. अभ्यासकाचे काम निरीक्षण करण्याचे आणि ते लिहून ठेवण्याचे. जमीन कोणी विकत घ्यावी आणि तिचे काय करावे, या वादात त्याने पडावे काय? अनेक विद्वान अशा वादांपासून दूर राहणेच पसंत करतात. परंतु या टेकड्यांचे मोल जितके कोल्स यांना ठाऊक होते, तितके दुसऱ्या कोणालाही नव्हते. ज्याला ठाऊक आहे तोच गप्प राहिला, तर बोलणार कोण? कोल्स यांनी बोलण्याचे ठरवले.

शिकागोत काही नागरिक एकत्र येऊन १९०८ सालापासून दर शनिवारी दुपारी शहराबाहेर पायी फिरायला जात असत. यातूनच पुढे प्रेअरी क्लब नावाची संस्था निघाली. तिच्यात शिक्षक होते, कारकून होते, कलावंत होते आणि समाजसेविकाही होत्या. डेन्मार्कहून येऊन शिकागोत स्थायिक झालेले उद्यानरचनाकार जेन्स जेन्सन हे या मंडळींत अग्रणी होते. कोल्स त्यांच्यात सामील झाले. आजवर जे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले होते, ते आता ते सामान्य नागरिकांना सोप्या भाषेत सांगू लागले. पायाखालचे गवत काय काम करते हे एकदा समजले म्हणजे ते गवत तुडवताना माणूस थबकतो. लोकांचे प्रेम असे समजुतीतून वाढत गेले.

१९१३ साली युरोपातील काही नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेच्या दौऱ्यावर आले. इंग्लंडचे आर्थर टॅन्सली हेही त्यांच्यात होते. या विशाल देशातील कोणती स्थळे पाहण्याची त्यांची विशेष इच्छा आहे, अशी विचारणा करण्यात आली. पाहुण्यांनी ग्रँड कॅन्यन, योसेमिटी आणि यलोस्टोन या जगप्रसिद्ध स्थळांच्या बरोबरीने मिशिगन सरोवराकाठच्या टेकड्यांचे नाव घेतले. कोल्स यांनी त्यांना स्वतः बरोबर नेऊन त्या दाखवल्या. परक्या देशाच्या विद्वानांना जे मोलाचे वाटते, तेच आपले लोक घमेल्यांनी उपसून विकत आहेत, ही विसंगती कोल्स यांच्या मनाला लागून राहिली.

१९१६ साली अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहण्यासाठी एक स्वतंत्र खाते स्थापन झाले. स्टीफन मॅथर हे त्या खात्याचे प्रमुख. ते शिकागोचेच रहिवासी होते आणि टेकड्यांवर त्यांचेही प्रेम होते. या टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान करावे किंवा कसे, याचा विचार करण्यासाठी ३० ऑक्टोबर १९१६ रोजी शिकागो येथे एक जाहीर सभा घेण्यात आली. सुमारे ४०० लोक तिला उपस्थित होते. एकामागून एक बेचाळीस वक्त्यांनी उद्यानाच्या बाजूने आपले म्हणणे मांडले. त्यांत कोल्स यांचे निवेदन विशेष महत्त्वाचे ठरले.

कोल्स यांनी त्या दिवशी भावनेला आवाहन करण्यापेक्षा आपल्या वीस वर्षांच्या निरीक्षणांवर अधिक भर दिला. एवढ्या लहानशा जागेत वनस्पतींची इतकी विविधता इतरत्र क्वचितच आढळते, हे त्यांनी दाखवून दिले. रुक्ष प्रदेशातील निवडुंग आणि उत्तरेकडील थंड प्रदेशातील झुडपे येथे जवळजवळ नांदतात, हे त्यांनी सांगितले. दूरदूरच्या प्रदेशांतील वनस्पतींचे हे संमेलनच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. परदेशी विद्वानांनी या स्थळाला दिलेला मानही त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला. एकदा सपाट झालेली टेकडी पुन्हा बांधता येत नाही आणि वाळूपासून अरण्यापर्यंतचा हा प्रवास कोणत्याही कारखान्यात घडवून आणता येत नाही, याची जाणीव त्यांच्या निवेदनाच्या मुळाशी होती. त्या सभेत उद्यानाविरुद्ध बोलायला एकही मनुष्य उभा राहिला नाही. मॅथर यांनीही उद्यानाला अनुकूल असा अहवाल तयार केला.

आता कार्य सिद्धीस जाणार असे सर्वांना वाटले. परंतु दैवाच्या मनात निराळेच होते. एक तर यापूर्वीची मोठी उद्याने मुख्यतः सरकारी जमिनीवर झाली होती. टेकड्यांची जमीन मात्र खाजगी मालकीची होती आणि ती विकत घ्यावी लागणार होती. त्यातच एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सारा पैसा आणि सारे लक्ष युद्धाकडे वळले. त्याच वर्षी टेकड्यांच्या कैवाऱ्यांनी तेथेच वाळूवर एक भव्य नाट्यप्रयोग करून या प्रदेशाचा इतिहास दाखवला. शेकडो लोकांनी त्यात भूमिका केल्या आणि हजारोंनी तो पाहिला. तरीही राष्ट्रीय उद्यानाची योजना मागे पडली ती पडलीच.

कोल्स निराश होऊन स्वस्थ बसले नाहीत. केंद्र सरकारकडून जे झाले नाही, ते निदान काही अंशी राज्याकडून व्हावे म्हणून प्रयत्न चालू राहिले. इंडियाना राज्याने १९२३ साली त्यासाठी कायदा केला आणि पुढील दोनतीन वर्षांत सुमारे तीन मैल किनारा व दोन हजारांहून अधिक एकर जमीन राखून तेथे राज्य उद्यान स्थापन झाले. विशेष असे की, ज्या पोलाद कारखान्यासाठी टेकड्या सपाट झाल्या होत्या, त्याच्या प्रमुखानेही या उद्यानासाठी देणगी दिली. मागितले होते त्या मानाने हे फार थोडे होते. परंतु जे वाचले ते खरोखरच वाचले.

कोल्स यांचा वारसा त्यांच्या शिष्यांनीही चालवला. आपल्या देशातील परिस्थितिवैज्ञानिकांची एक संस्था असावी म्हणून १९१५ साली जे लोक एकत्र आले, त्यांत कोल्स होते आणि १९१८ साली ते त्या संस्थेचे अध्यक्षही झाले. त्यांचे शिष्य विल्यम कूपर हे अलास्कातील ग्लेशियर बे येथे गेले. मागे हटणाऱ्या हिमनदीने उघड्या टाकलेल्या जमिनीवर वनस्पती कोणत्या क्रमाने येतात, याचा त्यांनी अभ्यास केला. नंतर त्यांच्या पुढाकाराने या संस्थेने सरकारला विनंती केली आणि १९२५ साली त्या प्रदेशाला राष्ट्रीय संरक्षण मिळाले. संशोधन करावे आणि संशोधनाची भूमीही राखावी, हा गुरूचा धडा शिष्याने हजारो मैलांवर गिरवला होता.

उत्तरायुष्यात कोल्स यांना कंपवाताच्या व्याधीने ग्रासले. १९३४ साली ते विद्यापीठातून निवृत्त झाले आणि १२ सप्टेंबर १९३९ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वप्न पाहिलेले राष्ट्रीय उद्यान त्यांच्या हयातीत झाले नाही.

परंतु त्यांनी पेरलेले बी वाया गेले नव्हते. १९५२ साली डोरोथी ब्यूएल या महिलेच्या नेतृत्वाखाली टेकड्यांच्या रक्षणाची चळवळ पुन्हा सुरू झाली. पॉल डग्लस या सिनेटरांनी ती नेटाने पुढे नेली. हा लढाही सोपा गेला नाही. कोल्स ज्या टेकड्यांवर हिंडले होते, त्यांपैकी मधला एक मोठा भाग याच काळात नवे पोलाद कारखाने व बंदर यांसाठी सपाट झाला. अखेर १९६६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने उरलेल्या किनाऱ्याला राष्ट्रीय संरक्षण दिले आणि २०१९ साली त्याला राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले. शिकागोतील त्या सभेला तेव्हा १०२ वर्षे होऊन गेली होती. आज त्या उद्यानात हजाराहून अधिक जातींच्या वनस्पती आढळतात. तेथील एका पाणथळ जागेला कोल्स यांचे नाव देण्यात आले आहे.

उघड्या वाळूवर प्रथम येणारे मारम गवत पुढे होणारे वन कधी पाहत नाही. ते वाळू धरून ठेवते, वाऱ्याशी झुंज देते आणि मागून येणाऱ्यांसाठी जागा करून देऊन निघून जाते. तरीही ते गवत नसते, तर ओकचे वन उभेच राहिले नसते. ही गोष्ट जगाला समजावून देणारे हेन्री कोल्स स्वतःही तसेच जगले. त्यांच्या विद्येने त्यांना दृष्टी दिली आणि त्या दृष्टीबरोबर येणारी जबाबदारी त्यांनी टाळली नाही. मिशिगन सरोवराच्या काठी आजही मुले वाळूच्या टेकडीवर धावत चढतात आणि माथ्यावर उभी राहून निळे पाणी पाहतात. त्यांच्या पायाखालची टेकडी शिल्लक राहिली, याचे मोठे श्रेय या निष्ठावंत अभ्यासकाकडे जाते.